जुन्या बाहुल्यांसाठी गळा कसा काढावा

रविवारी सकाळी पोह्यांवर शेव आणि जीरावन पडले, की इंदूरच्या मराठी घरात ‘आता पूर्वीसारखे काही राहिले नाही’ हे वाक्य कोणी ना कोणी उच्चारतेच, आणि बहुतेक वेळा तो मान आपलाच असतो. मात्र पोह्यांची चव, राजवाड्याभोवतीची गर्दी आणि मराठी नाटकांचे प्रयोग हे विषय इतके वापरून झाले आहेत, की त्यांवर आता शेजारीदेखील मान डोलावत नाहीत. तेव्हा एखादा ताजा विषय हाती घ्यावा. चार वर्षांची नात फोनवर ‘सेसमी स्ट्रीट’ हा अमेरिकेतील मुलांचा कार्यक्रम पाहत असेल आणि पडद्यावर एल्मो नावाचा लाल बाहुला खिदळत असेल, तर त्याच्याकडे बोट दाखवून आपण खेदाने म्हणावे, ‘आमच्या वेळचे बाहुले काही औरच होते.’

आपण ते बाहुले कितपत पाहिले होते, असा प्रश्न एखादा चौकस जावई विचारू शकतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत स्थायिक झालेल्या मामेभावाने आणलेली एक व्हिडिओ कॅसेट एवढीच बहुधा आपली पुंजी असते. तीही तिकडच्या टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीची, आणि आपला व्हीसीआर इकडच्या पाल पद्धतीचा. त्यामुळे चित्र धड दिसत नसे, दिसले तर रंगाविना दिसे आणि वरखाली धावत राही. बाकीचे सारे आपण अलीकडे इंटरनेटवर पाहिले आहे. हे जावयाला सांगण्याचे काही कारण नाही. स्मरणरंजनाला साक्षीपुरावा लागत नाही, आवाजात किंचित कंप तेवढा लागतो.

रंगांविषयी मात्र जपून बोलावे. कचऱ्याच्या डब्यात राहणारा तिरसट ऑस्कर खरा हिरवाच, असे आपण ठासून सांगाल. पण १० नोव्हेंबर १९६९ रोजी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तो नारिंगी होता आणि दुसऱ्या हंगामात हिरवा झाला. आठ फुटांहून उंच असा पिवळा बिग बर्डही आरंभी खेडवळ, बावळट पक्षी होता. त्याच्या पिसांत शिरून एक हात डोक्यावर उंच धरणारे आणि छातीशी बांधलेल्या इवल्याशा पडद्यावर आपलीच हालचाल पाहणारे कॅरोल स्पिनी यांनी सुचवल्यावर त्याचे लहान मूल झाले. म्हणजे आपण ज्याला मूळ म्हणता, ती आधीच सुधारलेली आवृत्ती असते. म्हणून ‘मूळचा’ हा शब्द खुशाल वापरावा, पण कोणत्या वर्षीचा, ते सांगू नये.

यानंतर आपले हुकमी वाक्य टाकावे : ‘तेव्हा कार्यक्रम मनापासून केले जात, आता सर्वेक्षणे करून केले जातात.’ हे वाक्य फार परिणामकारक आहे, फक्त ते म्हणताना १९६९च्या जुलै महिन्याचा विषय निघणार नाही याची काळजी घ्यावी. त्या महिन्यात फिलाडेल्फियात काही मुलांना चाचणीदाखल तयार केलेले भाग दाखवण्यात आले होते. एडवर्ड पामर या संशोधकाने टीव्हीशेजारी दुसरा पडदा लावून त्यावर दर सात-आठ सेकंदांनी बदलणारी चित्रे दाखवण्याची युक्ती काढली होती, आणि मुलांची नजर टीव्हीवरून त्या चित्रांकडे नेमकी कधी वळते, याची नोंद घेतली जात असे. बाहुले आणि माणसे एकत्र दाखवू नयेत, त्याने मुलांचा गोंधळ उडेल, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. त्यामुळे कार्यक्रमाला नाव देणाऱ्या गल्लीतील प्रसंगांत नुसती माणसेच होती, आणि नेमक्या त्याच वेळी मुले दुसरीकडे पाहू लागत. तेव्हा सल्ला बाजूला ठेवून गल्लीत बाहुले आणले गेले. बिग बर्ड आणि ऑस्कर यांचा जन्म असा झाला. ज्या दोघांच्या आठवणीने आपले डोळे पाणावतात, ते दोघेही सर्वेक्षणाचीच अपत्ये आहेत हे जावयाला कळले, तर आपली बाजू लंगडी पडेल.

कर्मिट नावाच्या बेडकाविषयी मात्र निर्धास्तपणे हळहळावे, कारण तो खरोखरच गेला. तो बाहुलेकार जिम हेन्सन यांचा, गल्लीतील बाहुल्यांहून जुना आणि त्यांच्या कंपनीच्या मालकीचा होता. २००४मध्ये ती मालकी डिस्नेकडे गेली आणि गल्लीतील त्याचे दर्शन दुर्मीळ झाले. हा कागदपत्रांचा मामला आहे. तरीही बेडूक एल्मोनेच हाकलला, असे सांगितल्यास ऐकायला बरे वाटते.

खरे तर सगळेच एल्मोच्या माथी मारावे. तो साडेतीन वर्षांचा आहे, स्वतःविषयी ‘एल्मोला हे आवडते’ असे बोलतो, १९९६च्या नाताळात गुदगुल्या केल्यावर हसणारे त्याचे खेळणे मिळवण्यासाठी अमेरिकेतील दुकानांत झुंबड उडाली होती, आणि १९९८पासून त्याला कार्यक्रमाच्या शेवटी स्वतंत्र भाग मिळाला. आरोपपत्रासाठी एवढे पुरेसे आहे. पाहणाऱ्या मुलांचे वय तोवर खाली आले होते आणि दोन-तीन वर्षांची मुले तासभर टिकत नव्हती, म्हणून तो भाग योजला गेला, ही माहिती देण्याच्या फंदात पडू नये. तसे केल्यास दोष एल्मोवरून उडून थेट नातीवर येतो, आणि सूनबाई शेजारच्याच खोलीत असतात. केव्हिन क्लॅश यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्याला हा बाहुला हाती घेतला, म्हणजे तो आपल्या कॅसेटच्याच वयाचा आहे, हेही गुलदस्त्यात ठेवावे. आणि नातीला ग्रोव्हर हा जुना निळा बाहुला चुकूनही दाखवू नये. ती त्यालाही तितकेच हसण्याचा धोका असतो.

हल्लीचे कार्यक्रम मुलांना नको ते गंभीर विषय सांगतात, ही तक्रारही चांगली चालते. तिच्यासाठी २०१७मध्ये आलेली ज्युलिया ही स्वमग्न मुलगी किंवा दक्षिण आफ्रिकेतील आवृत्तीत २००२मध्ये आलेली एचआयव्हीबाधित कामी यांचे दाखले द्यावेत. मग लगेच विषय बदलावा, कारण दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली वारल्यावर कार्यक्रमाने ते गावाला गेल्याची सबब सांगितली नाही. १९८३मध्ये बिग बर्ड त्यांच्यासाठी काढलेले चित्र घेऊन येतो आणि मोठी माणसे त्याला सांगतात, की ते आता परत येणार नाहीत. ‘आमच्या काळची’ म्हणून आपण डोक्यावर घेतो ती गोष्ट हीच, आणि ती खरोखरच उत्तम आहे. स्नफलुपॅगसचेही तसेच. लांब सोंडेचा हा केसाळ प्राणी चौदा वर्षे मोठ्या माणसांना कधी दिसलाच नाही. बिग बर्ड सांगे आणि सारे हसून सोडून देत. १९८५मध्ये तो सर्वांना दाखवला गेला तेव्हा गंमत गेली, असे आपण अवश्य म्हणावे. खरे सांगूनही मोठ्यांचा विश्वास बसत नाही, असे मुलांच्या मनावर ठसले तर आपल्यावर होणारा अत्याचारही ती सांगणार नाहीत, या भीतीने तो बदल केला गेला होता. हे ऐकल्यावर गमतीसाठी हळहळणे अवघड होते. म्हणून ते ऐकूच नये.

बिस्किटे कधीतरीच खायची असतात, असे बिस्किटांवर तुटून पडणाऱ्या कुकी मॉन्स्टर या बाहुल्याला म्हणायला लावले, त्यावर दोन वाक्ये पुरेत, त्यातही मधुमेहाची गोळी घेऊन झाल्यावर.

आवाज पूर्वीचे राहिले नाहीत, हे म्हणणे तेवढे खरे आहे, त्यामुळे ते अखेरीस आणि बेताने वापरावे. हेन्सन १६ मे १९९० रोजी गेले. ते ज्याला आवाज देत, त्या अर्नी या बाहुल्याला पुढे दुसऱ्याने आवाज दिला आणि कान जुळवून घेत असले तरी फरक ओळखतात. येथे चेष्टेला जागा नाही. पण जावयाने शंभरी ओलांडलेल्या अर्धवटरावांचे नाव काढले तर काय करावे, याची तयारी असू द्यावी. यशवंत पाध्ये यांच्याकडून हा बोलका बाहुला त्यांचे पुत्र, शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्याकडे आला. गळा बदलला, तरी खरे अर्धवटराव हरवले म्हणून कोणी सुतक पाळल्याचे ऐकिवात नाही. २००६मध्ये ‘गली गली सिम सिम’ या भारतीय आवृत्तीतून आलेली शाळेच्या गणवेशातील बाहुली चमकीही आपल्या ओळखीची हिंदी बोलत असे, पण तिच्यासाठी आपण कधी उसासा टाकला नाही, कारण तेव्हा आपण चाळिशी ओलांडली होती. असे प्रश्न निघाल्यास ‘ती गोष्ट वेगळी’ एवढेच म्हणून चहा मागवावा.

आता एकच संकट उरते. तिशीतला पुतण्या येईल आणि नातीच्या फोनकडे पाहून म्हणेल, ‘काका, हल्लीचा एल्मो पाहवत नाही. आमच्या वेळी कार्यक्रम पूर्ण तासाचा असायचा, २०१६पासून अर्ध्या तासाचा केला.’ त्याच्याकडे तर कॅसेटही नव्हती. तरीही त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, मध्ये हसू नये, आणि मग एल्मोसुद्धा जुना झाल्याची बातमी आपल्याला ठाऊकच नव्हती असा चेहरा करून त्याला बजावावे, की कर्मिट न पाहिलेल्या माणसाने बाहुल्यांवर बोलू नये.