फिरतोय ना सर फॅन!

तीन चकरा झाल्या. तीन वेळा सुट्टी टाकून इलेक्ट्रिक गाडी सर्व्हिस सेंटरला नेली आणि तिन्ही वेळा तीच मशीनची पाणचट कॉफी, तोच सोफा आणि तेच उत्तर, "सर गाडी एकदम ओके आहे, सॉफ्टवेअर अपडेट मारून दिलंय." अरे ओके आहे तर एप्रिलच्या भर दुपारी खेड शिवापूरला चार्जरवर मी काय हौस म्हणून सव्वा तास उभा होतो का?

वाईहून पुण्याला येत होतो, मागं आई बसलेली. फास्ट चार्जर लावला तेव्हा ४८ किलोवॅटने सुरू झालं, म्हणलं चला अर्ध्या तासात निघू, चहा घेऊन परत येतोय तर आकडा ११ वर. आणि एसी? फुल लावून ठेवलेला, आतून कोमट वाफा. आई नॅपकिन ओला करून मानेवर ठेवून बसली होती, म्हणाली चुकून हीटर लावलास का बघ रे. मोबाइलवर गाडीच्या आतले आकडे दाखवणारं ओबीडीचं ॲप उघडलं तर बॅटरी ५२ डिग्री! तसेच निघालो, कात्रजचा बोगदा ओलांडला, नवले पुलाच्या उतारावर जाम, आणि दहा मिनिटांत डॅशबोर्डवर कासव आलं. पॉवर कट. ज्या उतारावर मागून येणाऱ्या ट्रकचे ब्रेक लागतील की नाही याची कुणी खात्री देत नाही तिथं माझी गाडी म्हणतेय मी आता सावकाश जाणार. घामाने नाही, भीतीने शर्ट भिजला.

बरं मी अडाण्यासारखं "गाडी गरम होतीये" एवढंच सांगून गप्प बसलो असंही नाही. पहिल्याच दिवशी जॉब कार्डवर लिहून दिलं होतं की बाबांनो ८० ने चालवली की काही होत नाही, उभी राहिली की तापते, आणि तेव्हाच एसी पण मरतो. आता यात पीएचडी लागते का? बॅटरीतून जो कूलंट फिरतो तो गार होतो एसीच्याच गॅसवर, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळ्या, दोन्ही गाडीच्या नाकाशी, त्यांच्यामागे फॅन. गाडी पळत असली की वारा आपोआप लागतो, उभी राहिली की सगळा भार त्या एका फॅनवर. आणि फास्ट चार्जिंगला बॅटरी सगळ्यात जास्त तापणार, गाडी तर जागची हलणार नाही. म्हणजे बोट कुठं दाखवायचं ते शाळेतलं पोरगं पण सांगेल.

यांनी काय केलं? सकाळी ९ ला, गार हवेत, बायपासला एक चक्कर मारून आणली. "प्रॉब्लेम दिसत नाही सर." अरे दिसेल कसा! मी म्हणलं बॉनेट उघडा, फॅन बघा. उघडलं. पंखा फिरत होता. तो ॲडव्हायझर माझ्याकडं असा बघतोय जसं काही मी त्याची किडनी मागितली, "फिरतोय ना सर फॅन!" लॅपटॉप लावला, त्यात कोड काय तर बॅटरीचं टेंपरेचर जास्त. वा! हे मी चार हजार रुपयांच्या फोनवर बघितलं होतं. तिसऱ्या खेपेला एस्टिमेट हातात दिलं, एसीचा कॉम्प्रेसर, ६२ हजार, आणि वर म्हणे "बदलून बघू सर". बदलून बघू म्हणजे? साडी आहे का ती?

सोसायटीतले काका तर टपलेलेच, "तरी सांगत होतो डिझेल घे." आणि वॉचमनने बाटलीतलं पाणी ओतायला कूलंटच्या झाकणाकडं हात नेला होता, त्याला वेळेवर अडवलं. त्यात साधं पाणी ओतायचं नसतं, कंपनी सांगते तोच कूलंट, हे पण आता मीच सगळ्यांना शिकवायचं.

शेवटी नाना पेठेतल्या एका एसीवाल्या मामांकडं गेलो. त्यांनी आधीच सांगितलं, त्या हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलींना मी हात लावणार नाही, तो करंट माझा नव्हे. पण फॅन तर साध्या १२ व्होल्टचा. दुपारी २ वाजता गाडी उन्हात लावली, एसी फुल, बॉनेट उघडं, आणि स्टूल घेऊन नुसते ऐकत बसले. पाच मिनिटांनी म्हणाले, "हा गुणगुणतोय. एवढ्या उन्हात ओरडायला पाहिजे." फॅनला दोन स्पीड, म्हणाले, हळूवाला चालू, जोरातला बंद. खालचं कव्हर काढलं तर आत शेंगांची टरफलं, अर्धा पाव, आणि हाय स्पीडची वायर घुशीने कुरतडून बरोबर मधनं तोडलेली, टोकाला हिरवा गंज. वर कंडेन्सरच्या जाळीत समोरच्या बांधकामाच्या सिमेंटच्या धुळीचा थर, बोटाने खरवडला तर पोपडा निघाला. वायर जोडली, जोडावर इन्सुलेशनची नळी चढवली, हलक्या पाण्याने जाळी धुतली. साडेतीनशे रुपये! आणि फॅन असा ओरडला की शेजारचं कुत्रं उठून गेलं.

दुसऱ्याच दिवशी मुद्दाम जाऊन तोच चार्जर लावला, बॅटरी ३९ च्या वर गेली नाही.

आणि काल संध्याकाळी सर्व्हिस सेंटरमधून पोरीचा फोन, "सर, आमच्या सर्व्हिसला १० पैकी किती मार्क द्याल, १० दिले तर बरं होईल." तिची काय चूक बिचारीची. म्हणलं मॅडम, तुमच्या ॲडव्हायझरला दुपारी २ वाजता त्याच्याच गाडीत एसी बंद करून काचा लावून बसवा, अर्ध्या तासाने फोन करा, मग सांगतो.