कोंबडीच्या सांडपाण्यात प्लेटा सोडण्याआधी

बीकरमध्ये कोंबडी कापल्यावरचं लालसर पाणी, दोन ॲल्युमिनियमच्या प्लेटा, डीसी करंट. याला इलेक्ट्रोकोॲग्युलेशन म्हणतात. थोड्या वेळात वर फेस, खाली नितळ पाणी. चिकन प्रोसेसिंगवाल्यांत फिरणाऱ्या या व्हिडिओखाली लिहिलंय: केमिकल लागत नाही, गाळ होत नाही, फेस म्हणजे तयार खत, आणि निघणाऱ्या हायड्रोजनवर प्लांट फुकट चालतो. व्हिडिओ खरा आहे. खालचा मजकूर तपासू.

‘केमिकल लागत नाही’: विरघळणारी प्लेट हेच केमिकल, तुरटीसारखं तिचं ॲल्युमिनियम घाण गोळा करतं. 1 अँपिअर-तासाला 0.34 ग्रॅम ॲल्युमिनियम पाण्यात उतरतं. घनमीटरला 100 ग्रॅम डोस धरला तर सुमारे 300 अँपिअर-तास, म्हणजे 10 व्होल्टला 3 युनिट वीज. तुरटीसारखा पीएच मात्र पडत नाही, हा फायदा खरा.

‘गाळ होत नाही’: त्या 100 ग्रॅमचं कोरडं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच 289 ग्रॅम भरतं. त्याला चिकटलेली चरबी आणि रक्त वेगळं. शिवाय नितळ दिसणाऱ्या पाण्यात अमोनिया तसाच असतो. पुढची जैविक टाकी, म्हणजे जिवाणूंकडून पाणी साफ करणारी, चुकत नाही.

‘फेस म्हणजे खत’: सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ॲल्युमिनियमने धरलेला फॉस्फरस पिकाला सहज मिळत नाही, आणि कच्च्या फेसात साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो. जे वसूल करायचं ते या प्लेटांच्या आधी. रक्त ब्लीडिंग लाइनखालच्या (जिथे कापलेल्या कोंबडीचं रक्त निथळतं) कुंडातच धरा, पिसं ड्रम स्क्रीनवर (फिरत्या जाळीवर), चरबी फ्लोटेशनमध्ये (हवेच्या बुडबुड्यांनी तरंगवून). एकदा ॲल्युमिनियम मिसळलं की रेंडरिंगवाला (टाकाऊ चरबी वितळवून विकणारा) ती चरबी कशाला उचलेल? फॉस्फरस हवा तर मॅग्नेशियमची प्लेट लावून पीएच 8.5 ते 9 ला स्ट्रुव्हाइट (मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे खत म्हणून चालणारे स्फटिक) पाडा. 31 ग्रॅम फॉस्फरसला 24 ग्रॅम मॅग्नेशियम लागतं, पण सोबत नायट्रोजन जेमतेम 14 ग्रॅम जातो.

‘हायड्रोजनवर फुकट’: 10 व्होल्टला 1 अँपिअर-तास म्हणजे 10 वॅट-तास खर्च. त्यातून निघालेला हायड्रोजन पूर्ण जाळला तरी सव्वा वॅट-तास हाती, जनरेटरचा तोटा सोडून. उलट हवेत तो 4 टक्क्यांवर गेला की ठिणगीला पेटतो, म्हणून टाकीवर एक्झॉस्ट हवाच.

बीकरमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे प्लेटवर बसणारा चरबीचा आणि ऑक्साइडचा थर. अँपिअर तेवढेच पण व्होल्ट चढत चालले, की तो बसलाय. दर 10-15 मिनिटांनी प्लेटांचे धन-ऋण ध्रुव अदलाबदल करा, तरी नाही उतरलं तर प्लेटा सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवा. व्होल्ट उतरवायला मीठ टाकण्याचा सल्लाही फिरतो. त्याने ॲनोडवर (धन प्लेटवर) क्लोरीन सुटून क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगं होऊ शकतात, आणि तेच पाणी शेतात सोडलं तर मीठ जमिनीत साठतं.