उद्योगांची परीक्षा देणग्यांवरून होत नाही

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत हल्ली एक प्रकरण ठरलेले असते. रोपे हातात घेतलेले कर्मचारी, एखाद्या शाळेला दिलेले संगणक, आरोग्य शिबिरातली रांग आणि या छायाचित्रांखाली समाजाचे ऋण फेडण्याविषयीचा एक परिच्छेद. या कामांना मी नावे ठेवत नाही, त्यांतली बरीचशी उपयुक्तच असतात. माझी तक्रार वेगळी आहे. उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीची सगळी चर्चा मिळालेल्या नफ्यातून किती वाटले, याच प्रश्नाभोवती फिरत राहते आणि तो नफा मिळवताना खर्चाचा कोणता भाग दुसऱ्याच्या माथी मारला गेला, हे विचारायचे राहून जाते. एखाद्या उद्योगाची नियत पारखायची असेल, तर त्याच्या देणग्या मोजत बसण्याऐवजी नवा नियम येऊ घातलेला असताना तो सरकारदरबारी काय बोलतो, हे पाहावे, असे माझे मत आहे.

सारखाच माल बनवणारे दोन कारखाने घ्या. एक आपले सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून नेतो आणि त्यासाठी वीज, रसायने, देखभाल आणि गाळाची विल्हेवाट असा खर्च रोज सोसतो. दुसऱ्याकडेही यंत्रणा आहे, पण ती तपासणी अधिकारी येणार असेल त्या दिवशी चालते. एरवी पाणी रात्री तसेच नदीत सोडले जाते. बाजारात दुसऱ्याचा माल स्वस्त पडतो, कारण त्याच्या मालाच्या किमतीतला काही भाग नदीकाठचे शेतकरी आणि मच्छीमार भरत असतात. आर्थर पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच या प्रकाराची नीट मांडणी केली होती आणि असा बाहेर ढकललेला खर्च कराच्या रूपाने तो करणाऱ्याकडूनच वसूल करण्याचा मार्ग सुचवला होता. शंभर वर्षे उलटली तरी आपण त्या पहिल्या कारखानदाराच्या सद्सद्विवेकबुद्धीवर भिस्त ठेवून बसलो आहोत. नियम सैल असतील तर प्रामाणिकपणाचा दंड त्यालाच भरावा लागतो आणि तो किती वर्षे भरेल, याला मर्यादा आहे.

‘उद्योगाचे काम नफा कमावणे, बाकीचे सरकार पाहील’ असे म्हणणारे लोक अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्या १९७० मधील गाजलेल्या लेखाचा दाखला देतात. त्या लेखातली अट मात्र ते सोयीस्करपणे विसरतात. नफा कमवावा, पण खेळाच्या नियमांच्या चौकटीत राहून, फसवणूक न करता आणि खुल्या स्पर्धेत, असे फ्रीडमन यांचे म्हणणे होते. ही अट मान्य केली तरी एक अडचण उरतेच. खेळणाराच पंचांच्या खोलीत बसून नियमांचा मसुदा दुरुस्त करू लागला, तर चौकटीला अर्थ काय उरतो?

सूर्याच्या घातक किरणांपासून पृथ्वीला वाचवणाऱ्या ओझोनच्या थराचे प्रकरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे आणि फवाऱ्याचे डबे यांत वापरल्या जाणाऱ्या सीएफसी (क्लोरोफ्लोरोकार्बन) वायूंमुळे ओझोनचा थर विरळ होऊ शकतो, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. या वायूंची जगातली सर्वांत मोठी उत्पादक कंपनी होती ड्यूपॉन्ट. तिने आधी संशोधनावर शंका घेतली, पण अमेरिकेत निर्बंधांची शक्यता दिसू लागताच पर्यायी रसायनांचा शोधही सुरू केला. १९८० च्या सुमारास तिथले राजकीय वारे फिरले, नवे निर्बंध येणार नाहीत असे दिसू लागले आणि कंपनीने पर्यायांवरचे ते काम थांबवले. पर्याय महाग पडणार होते. कोणी सक्ती करत नसताना ते विकत कोण घेणार, हा तिचा हिशेब होता आणि व्यापारी दृष्टीने तो चुकीचाही नव्हता. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या छिद्राचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आंतरराष्ट्रीय कराराच्या हालचालींना वेग आला आणि १९८६ मध्ये कंपनीने जागतिक मर्यादेला पाठिंबा जाहीर केला. १९८७ मध्ये या वायूंवर मर्यादा घालणारा मॉन्ट्रियल करार झाला. पुढच्या वर्षी कंपनीने हे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा केली.

या सगळ्या वर्षांत शास्त्रज्ञ तेच होते, प्रयोगशाळाही तीच होती. संशोधनाचे दिवे नियमाची चाहूल लागली की लागत आणि चाहूल विरली की विझत. उद्योगाजवळ प्रश्न सोडवण्याची अफाट ताकद असते, हे मला पूर्ण मान्य आहे. ती ताकद कामाला लागण्यासाठी सगळ्यांना सारखाच लागू होणारा नियम लागतो, एवढेच माझे म्हणणे आहे. नियमाला खीळ बसली तर काय होते, याचे उदाहरण शिसेयुक्त पेट्रोलचे आहे. १९२४ मध्येच अमेरिकेत शिशाचे हे मिश्रण हाताळणारे कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले होते, तरीही मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश ते थांबवायला २०२१ साल उजाडले.

यावर ‘ऐच्छिक आचारसंहिता पुरेशी आहे’ असे उत्तर मिळते. बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. वरच्या मजल्यांवरच्या कपडे शिवणाऱ्या कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. तिथल्या काही कारखान्यांचे सामाजिक ऑडिट, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, त्याआधी झालेले होते. अशा ऑडिटची तारीख बहुधा आधी कळलेली असते, त्या दिवशी हातमोजे वाटले जातात आणि हजेरीपटही त्या दिवसापुरता नीटनेटका असतो. खरी गोम ऑर्डर देणाऱ्या कंपनीच्या आतच असते. तिचा एक विभाग पुरवठादाराकडून कामगारांच्या हक्कांच्या प्रतिज्ञापत्रावर सही घेतो आणि त्याच कंपनीचा खरेदी विभाग त्याच पुरवठादाराला भाव कमी करायला आणि माल दोन आठवडे आधी द्यायला सांगतो. पुरवठादार कोणाचे ऐकणार, हे सांगायला नको. दुर्घटनेनंतर कामगार संघटना आणि परदेशी ब्रँड यांच्यात कायद्याने बंधनकारक असा करार झाला, स्वतंत्र अभियंत्यांकडून तपासण्या झाल्या, त्यांचे अहवाल जाहीर झाले आणि तेव्हा कुठे जिने, दरवाजे, खांब प्रत्यक्षात दुरुस्त होऊ लागले.

ग्राहकाने जागरूक व्हावे, हा सल्लाही मला अर्धवट वाटतो. ‘कार्बन पाऊलखूण’, म्हणजे प्रत्येकाच्या राहणीमानातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब, ही कल्पना घराघरांत पोहोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरात मोहिमेचा मोठा वाटा होता, हे लक्षात घेतले की त्या सल्ल्याची सोय कोणाला आहे ते कळते. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला शर्ट कोणत्या इमारतीत शिवला गेला, हे समजण्याचा काही मार्ग नसतो.

सगळे उद्योजक लबाड असतात, असे मी मुळीच म्हणत नाही. व्होल्वोने १९५९ मध्ये तीन बिंदूंचा सीटबेल्ट आणला आणि त्याचे पेटंट इतर मोटार कंपन्यांनाही खुले ठेवले. तरीसुद्धा तो बेल्ट जगभर प्रत्येक गाडीत बसला आणि माणसे तो लावू लागली, ती मुख्यतः कायद्यांमुळे. लहान उद्योजकांची अडचण तर निराळीच आहे. त्यांना नियम पाळायचे असतात, पण कागदपत्रांचा आणि यंत्रणेचा खर्च एकट्याने झेपत नाही. त्यांच्यासाठी सामायिक शुद्धीकरण केंद्रे, स्वस्त कर्ज आणि पुरेशी मुदत या गोष्टी हव्यात, आणि त्या देण्याचे काम सरकारचे आहे.

मोठ्या कंपन्यांकडून मात्र मी एक साधी मागणी करीन. शाश्वततेच्या अहवालात झाडांच्या संख्येशेजारी आणखी एक तक्ता छापावा. वर्षभरात पर्यावरण, कामगार आणि ग्राहकसुरक्षा यांविषयीच्या कोणत्या मसुद्यांवर कंपनीने सरकारला काय लेखी कळवले, ती कोणकोणत्या उद्योग संघटनांना वर्गणी देते आणि त्या संघटनांनी त्याच मसुद्यांवर कोणती भूमिका घेतली, हे सारे त्यात असावे. कंपनी स्वतः हवामान बदलाबद्दल काळजी व्यक्त करते आणि तिची संघटना उत्सर्जनाच्या मर्यादेला विरोध करते, असे प्रकार सर्रास घडतात. भागधारकांनी वार्षिक सभेत हा तक्ता मागितला, तर व्यवस्थापनाला फार खर्च येणार नाही. सगळी माहिती त्यांच्याच फायलींत असते.