विडाल पॉझिटिव्ह म्हणजे ए०१.० नव्हे

ग्रामीण रुग्णालयांत नोंदी करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘साल्मोनेला म्हणजे टायफॉइडच. विडाल पॉझिटिव्ह दिसली की ए०१.० टाका. कोड फक्त कागद भरायला असतो.’ साल्मोनेला हा जंतूंचा गट, विडाल ही टायफॉइडसाठीची रक्ततपासणी, आणि ए०१.० हा आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीतला टायफॉइडचा कोड. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत.

‘साल्मोनेला म्हणजे टायफॉइडच.’
आयसीडी-१० मध्ये दोन वेगळे गट आहेत. साल्मोनेलातला टायफी (टायफॉइडचा जंतू) सापडला तर ए०१.०, पॅराटायफी ए, बी, सी यांना अनुक्रमे ए०१.१, .२, .३. टायफिम्युरियम, एंटेरिटिडिस अशा बाकीच्या सगळ्यांसाठी ए०२: जुलाब असतील तर .०, सेप्सिस (रक्तात पसरलेला संसर्ग) असेल तर .१, एखाद्या अवयवात संसर्ग असेल तर .२.

‘विडाल पॉझिटिव्ह दिसली की...’
विडाल हे निदान नाही, तपासणी आहे. आपल्याकडे जुन्या संसर्गामुळेही टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) वाढलेलं दिसतं, त्यामुळे एका नमुन्यावर भिस्त ठेवता येत नाही. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यावं. मोठ्या माणसाचं ८-१० मिली रक्त लागतं, कमी घेतलं की जंतू निसटतो. कोड द्यायचा तो डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला. केस पेपरवर ‘ताप, विडाल पॉझिटिव्ह’ एवढंच असेल आणि डॉक्टरांना विचारूनही निदान ठरलं नसेल, तर आर५०.९ (कारण न ठरलेला ताप). डिस्चार्जच्या वेळी ‘टायफॉइडची शंका’ हेच शेवटचं निदान असेल, तर मात्र डब्ल्यूएचओच्या नियमाने ए०१.० लागतो.

‘कोड फक्त कागद भरायला...’
सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी गावातली माणसं उलट्या-जुलाबाने भरती झाली, असं समजा. साल्मोनेलाचे जुलाब साधारण ६ ते ७२ तासांत सुरू होतात. टायफॉइडला बहुधा एक-दोन आठवडे लागतात. नोंद ए०१.० झाली की तपास पंधरवड्यापूर्वीच्या पाण्याकडे वळतो आणि तोवर उरलेलं अन्न फेकलं जातं. शौचाचा रिपोर्ट येईपर्यंत ए०९ (संसर्गाचे जुलाब, जंतू न ठरलेला) ठेवा, टायफी सोडून दुसरा साल्मोनेला निघाला की ए०२.० करा.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात सिकलसेलचे (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण बरेच आहेत, आणि त्यांच्या हाडात साल्मोनेला बसण्याचा धोका जास्त असतो. ते दुखणं सिकलसेलचा क्रायसिस (वेदनांचा झटका) समजून सोडून दिलं जातं. कल्चरमध्ये टायफीऐवजी दुसरा साल्मोनेला आला तर अशा अस्थिसंसर्गाला ए०२.२ सोबत एम९०.२ (संसर्गामुळे झालेला हाडाचा विकार), शिवाय सिकलसेलचा डी५७. एम९०.२ ताऱ्याचा (मूळ आजाराच्या कोडला जोडून द्यायचा) कोड आहे, तो एकटा टाकायचा नाही. इथे नुसता ए०१.० टाकला तर हाडही गेलं आणि सिकलसेलही. पुढच्या भरतीच्या वेळी डॉक्टरांना जुन्या नोंदीत काहीच सापडणार नाही.

कल्चरचा रिपोर्ट बहुतेकदा रुग्ण घरी गेल्यावर येतो. म्हणून ‘कल्चर बाकी’ असलेल्या केस पेपरांची वेगळी फाइल ठेवा. रिपोर्ट आला की डॉक्टरांकडून निदान दुरुस्त करून सही घ्या, मग कोड बदला.