साइट साधी आहे, अर्धवट नाही

"शेतकरी कंपनीची नवी वेबसाइट अर्धवट आहे, एक फोटो नाही, ठेकेदाराने पैसे खाल्ले" असा मेसेज तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. तो खोटा आहे. साइट मुद्दामच अशी केली आहे.

जुन्या साइटवर उघडताच पदाधिकाऱ्यांच्या सत्काराचा 5 एमबीचा फोटो यायचा. 1 एमबीपीएस वेगाला (सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे एमबीचा आठवा भाग) तो एकटाच 40 सेकंद खातो, आणि वावरात तेवढी रेंज मिळाली तर नशीब. भाव शोधायचा तर पान खाली सरकवत बसा. आता पहिल्याच पानावर कापूस, तूर, सोयाबीनचे आजचे भाव, खरेदीची तारीख आणि फोन नंबर. पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं, भर उन्हातही वाचता येतात. (सत्काराचे फोटो कार्यालयाच्या भिंतीवर आहेत, हौसेने पाहून जा.)

"साधी साइट गूगलवर मागे पडते" हेही खरं नाही. उलट जुलै 2018 पासून मोबाइलवर फार हळू उघडणारी पानं गूगलच्या निकालांत खाली जाऊ शकतात.

एक कमतरता मात्र खरी आहे: मालाच्या पावतीचा नमुना अजून चढवलेला नाही. काम सुरू आहे, तोवर पावती कार्यालयातच मिळेल.