स्कॅन कोरा आला म्हणून पॅराथायरॉइड निर्दोष ठरत नाही

पॅराथायरॉइड म्हणजे मानेत थायरॉइडच्या मागे असणाऱ्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार इवल्याशा ग्रंथी. त्यांच्याबद्दलचा एक मजकूर सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. त्याचं सार असं: ‘कॅल्शियम वाढलं की सेस्टामिबी स्कॅन करा. गाठ दिसली नाही तर आजार नाही, ऑपरेशनचा प्रश्नच मिटला. सोनोग्राफी, सीटी वगैरे पैसे उकळायचे धंदे. गाठ दिसली तर तेवढी काढली की झालं.’ (सेस्टामिबी म्हणजे किंचित किरणोत्सर्गी औषध टोचून काढायचा स्कॅन.)

‘गाठ दिसली नाही तर आजार नाही.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझमचं, म्हणजे या ग्रंथी स्वतःच बिघडून जास्त संप्रेरक सोडतात त्या आजाराचं, निदान रक्तात होतं, फिल्मवर नाही. कॅल्शियम वाढलं की निरोगी ग्रंथींनी पीटीएच हे आपलं कॅल्शियम वाढवणारं संप्रेरक जवळपास बंद करायला हवं. कॅल्शियम जास्त असूनही पीटीएच वाढलेलं असेल, किंवा नुसतं ‘नॉर्मल’च्या पट्ट्यात बसलेलं असेल, तरी ग्रंथी बिघडल्याचा संशय पक्का होतो. (लॅबच्या कागदावर त्या आकड्यापुढे लाल खूण नसते, म्हणून कितीतरी जण निर्धास्त राहतात.) मग २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम मोजायचं, कारण असाच दिसणारा एक आनुवंशिक प्रकार ऑपरेशनने बरा होत नाही. स्कॅनची पाळी त्यानंतर, ऑपरेशन ठरल्यावर येते. सर्जनने मानेच्या कुठल्या बाजूने सुरुवात करायची, एवढंच त्याने सांगायचं असतं. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सर्जनांच्या संघटनेने २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटलंय: ऑपरेशनची गरज असलेल्या रुग्णाचा स्कॅन कोरा आला तरी त्याला अनुभवी सर्जनकडे पाठवा.

स्कॅन कोरा का येतो, हेही बघा. निरोगी पॅराथायरॉइड तांदळाच्या दाण्याएवढी असते, वजन साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम. सेस्टामिबी हे मुळात हृदयाच्या तपासणीसाठी आलेलं औषध. ते पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत, साठतं. टोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी काढलेल्या चित्रात थायरॉइड फुलपाखरासारखी उजळलेली दिसते. दोनेक तासांनी ते फुलपाखरू विझत जातं आणि मागे एखादा ठिपका तेवत राहतो. तो ठिपका म्हणजे अडेनोमा (ग्रंथीची कर्करोग नसलेली गाठ), निदान नशीब बरं असेल तर. गाठ लहान असेल किंवा तिच्यात मायटोकॉन्ड्रियांनी भरलेल्या पेशी कमी असतील, तर ठिपका थायरॉइडबरोबरच विझतो. चारही ग्रंथी थोड्या-थोड्या वाढल्या असतील तर हा स्कॅन हमखास गडबडतो. उलट थायरॉइडचीच एखादी गाठ औषध धरून ठेवते आणि पॅराथायरॉइडचं सोंग आणते.

‘सोनोग्राफी, सीटी म्हणजे धंदे.’ हे सोंग ओळखायला सोनोग्राफीच लागते. थायरॉइडच्या मागच्या अंगाला काळसर लंबगोल गाठ आणि तिच्या एका टोकातून शिरणारी बारीक रक्तवाहिनी दिसली की चित्र बरंच स्पष्ट होतं. किरणोत्सर्ग नाही, त्यामुळे गरोदर बाईचीही करता येते. पण हवा आणि हाडापुढे ती हतबल: श्वासनलिकेच्या मागचं, छातीच्या हाडाखालचं तिला दिसत नाही.

आणि ग्रंथी नेमक्या तिथेही असू शकतात. गर्भात खालच्या पॅराथायरॉइड थायमस या छातीतल्या ग्रंथीबरोबर खाली सरकतात. एखादी सरकत-सरकत थेट छातीत पोचते. चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाची हाडं या आजाराने इतकी ठिसूळ झाली होती की त्याची उंची काही इंचांनी घटली. सहा ऑपरेशनं वाया गेली. १९३२ साली सातव्यांदा छाती उघडली तेव्हा गाठ सापडली. त्याच्या काळी यातलं एकही यंत्र नव्हतं. आज अशा जागा शोधायला फोर-डी सीटी आहे. इथलं चौथं परिमाण म्हणजे वेळ: कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक करणारं औषध) शिरेतून दिल्यावर अडेनोमा झटकन उजळतो आणि तितक्याच झटकन फिका पडतो, लसिका ग्रंथी तसं वागत नाही. किरणोत्सर्ग मात्र जास्त, म्हणून तरुण रुग्णात दोनदा विचार करायचा. कोलीन पेट स्कॅन (किरणोत्सर्गी कोलीन टोचून काढलेला) तर सेस्टामिबीने हुकवलेल्या बारीक गाठीही बऱ्याचदा पकडतो. या सगळ्या तपासण्या प्रत्येकाच्या करायच्या नसतात. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तर बहुधा तेवढ्यावर भागतं. पैसे उकळण्याच्या आरोपात तथ्य असेलच तर ते इथे, सरसकट सगळं लिहून देण्यात.

अमेरिकेतले जॉन डॉपमन हे स्वतः रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारे डॉक्टर, पण पहिल्या ऑपरेशनआधी अनुभवी पॅराथायरॉइड सर्जन शोधणं हीच खरी शोधतपासणी, असं त्यांचं मत होतं. तेव्हापासून यंत्रं पुष्कळ सुधारली, तरी ते मला अजून पटतं.

‘दिसली तेवढी काढली की झालं.’ सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्णांत गाठ एकच असते, तिथे हे खरं ठरतं. उरलेल्यांत दुसरी गाठ लपलेली असते आणि पहिल्या ठिपक्याच्या झगमगाटात ती स्कॅन वाचणाऱ्याच्याही नजरेतून सुटते. म्हणून पुष्कळ सर्जन गाठ काढल्यावर लगेच टाके घालत नाहीत. पीटीएच रक्तात तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं. दहा मिनिटं थांबून पुन्हा रक्त घेतात. आकडा निम्म्याहून खाली आला तर जखम शिवतात. नाही आला तर स्कॅनने काहीच दाखवलं नव्हतं त्या बाजूला शोध सुरू होतो.