अण्णांची लस, दिगूचे शेंगदाणे

"लस म्हणजे निव्वळ लूट आहे," अण्णांनी जाहीर केलं आणि लागोपाठ शिंका दिल्या. मधोमध भडंगाचा कागद पसरलेला. पोपटशेठनी तो झटकन उचलून आपल्या मांडीवर घेतला.

पुण्याच्या पोरानं मागं लागून बापाला फ्लूची लस टोचून घ्यायला लावली, हे कट्ट्यावर सगळ्यांना पाठ होतं. बाही वर करून दंड दाखवण्याचा कार्यक्रम आधीच होऊन गेला होता.

"टोचून किती दिवस झाले?" सॅम्पलनं विचारलं. हा आमचा निवृत्त एमआर. उभी हयात बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसला, म्हणून हे नाव.

"पाच."

"मग अजून लागू कुठं झाली? अँटीबॉडी तयार व्हायला दोनेक आठवडे जातात."

"लागू नाही झाली, पण शिंका मात्र लगेच लागू! त्या सुईतनंच आला मला फ्लू."

"सुईतला विषाणू मेलेला असतो अण्णा. दंड दुखेल, एखाद दिवस कणकण येईल. फ्लू नाही व्हायचा."

आता दिगूनं तोंड उघडलं. दिगू एलआयसीचा एजंट. अख्ख्या कट्ट्यावर टक्केवारी कळणारा हा एकटाच, असं माझं मत आहे. "ताप किती होता, अण्णा?"

"ताप नाही."

"अंग मोडून आलं? अंथरुणातनं उठवेना?"

"छे! सकाळी आयर्विन पुलावर जाऊन पाणी बघून आलो की."

"मग हे पडसं. त्याचे विषाणू वेगळे, त्यांच्यावर ही लस नाही. लस घेतली फ्लूची आणि हिशेब मागताय पडशाचा."

पण पाण्याचं नाव निघालं आणि सांगलीत पाणी निघालं की कर्नाटकातलं अलमट्टी धरण निघतंच. विसर्ग किती, फुगवटा कुठवर, २०१९ ला कुणाच्या माडीला नाव लागली होती, सगळं परत एकदा झालं. ते इथं लिहीत नाही, सांगलीकराला सांगायची गरज नाही.

तेवढ्यात अण्णांनी मोबाईलमधनं पुरावा काढला. "हे बघा! अमेरिकेचं सरकारच सांगतंय, चांगल्या वर्षी ४० ते ६० टक्के चालते. २०१४-१५ ला तर १९ टक्के!"

अण्णांचा फॉरवर्ड खरा निघण्याची ही पहिलीच वेळ असावी. सॅम्पलनं मान डोलावली. "बरोबर आहे. लसीत कुठले विषाणू घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातनं दोनदा ठरवते, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात. लस तयार व्हायला सहा महिने जातात. तेवढ्यात विषाणूनं रूप बदललं की फटका बसतो. त्या वर्षी फ्लूच्या एच-थ्री-एन-टू ह्या विषाणूनं तेच केलं."

"म्हणजे चांगल्या वर्षीसुद्धा शंभरातले चाळीस जण आजारी पडणारच! कशाला टोचून घ्यायचं?"

"शेठ, कागद इकडं आणा," दिगू म्हणाला. त्यानं भडंगातले शेंगदाणे वेचून दहा एका रांगेत मांडले. तेलकट, एकाला कढीपत्ता चिकटलेला. "समजा, लस न घेतलेल्या शंभर जणांत एका मोसमात एवढ्यांना फ्लू होतो. साठ टक्के म्हणजे ह्यातले सहा उचलायचे. लस घेतलेल्या शंभरांत राहिले चार. चाळीस टक्के धरा, राहिले सहा. आता तुमचे ते शंभरातले चाळीस दाखवा मला."

त्यानं वर बघेपर्यंत अण्णांनी उरलेले चारही तोंडात टाकले होते. "घ्या, शंभर टक्के!"

हसणं ओसरल्यावर पोपटशेठनी चुकून चांगला प्रश्न विचारला. "पण दिगू, बाकीच्या नव्वदांना तसाही होणार नव्हता. त्यांनी फुकटच टोचून घेतली की."

"घेतलीच," सॅम्पल म्हणाला. "कॉक्रेन म्हणून औषधोपचारांचे अभ्यास तपासणारी संस्था आहे, त्यांनी २०१८ ला सगळे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. धडधाकट माणसांत ७१ जणांना टोचावं तेव्हा एकाचा फ्लू टळतो. पासष्टीपुढं ३० जणांत एकाचा. असले आकडे आमच्या बॅगेत कधी नसायचे."

"तिसात एक!" अण्णा उसळले. "आणि बाकीचे एकोणतीस मूर्ख?"

"तो एक कोण हे आधी कळलं असतं, तर मी दारोदार कशाला हिंडलो असतो? थेट त्याच्याच घरी जाऊन बसलो असतो," दिगू म्हणाला. "विमा काढला म्हणून माणूस मरत नाही, असं मी कुणाला सांगितलंय का कधी?"

"मला सांगितलं होतंस, १९९८ ला."

"तीन हप्ते भरून पॉलिसी मोडलीत आणि अजून मलाच शिव्या!"

हे भांडण दर पावसाळ्यात होतं. सॅम्पलनं मधेच घातलं, की लस घेऊन फ्लू झालाच तरी दवाखान्यात पडायची पाळी कमी येते, आणि शुगरवाल्यांनी तर ती घ्यावीच. अण्णांनी चहातली साखर ढवळायची थांबवली.

पोपटशेठची हळदीची अडत. त्यांचा उपाय ठरलेला. "रोज रात्री हळद घालून दूध प्या. २००९ ला स्वाइन फ्लूत मी दुसरं काय घेतलं?"

"शेठ, भाव पडला की तुमची हळद जास्तच औषधी होते," दिगूनं चिमटा काढला. "आणि २००९ ला गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी कुणी अडकवली होती? तोच स्वाइन फ्लू आता दरवर्षी फिरतोय, लसीतही आहे."

"पण अण्णा, उशीर केलात," सॅम्पल म्हणाला. "आपल्याकडं फ्लूचा जोर पावसाळ्यात. एप्रिल-मेमध्ये घ्यायची. पुढच्या वर्षी लक्षात ठेवा."

"पुढच्या वर्षी? परत?"

"दरवर्षी. विषाणू बदलतो, लसही बदलते."

"हप्ता!" दिगूचा चेहरा उजळला. "हा मात्र मोडू नका."

पोपटशेठना चौकशा फार. "पण ही बनवतात कशात?"

"बहुतेक लसी अजून कोंबडीच्या अंड्यात," सॅम्पल सहज बोलून गेला.

अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ. आषाढी चार दिवसांवर. कपबशी खाली ठेवून ते आधी दंडाकडं बघत बसले, मग सॅम्पलकडं.

"अंडं टोचलंस मला?"

"मी कुठं टोचलं? आणि अंड्यात वाढवतात, मग शुद्ध करतात..."

"गप! घरी कळलं तर स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देणार नाही. वहिनींपुढं कुणी चकार शब्द काढायचा नाही."

दिगूनं शांतपणे बशीतला चहा संपवला. "अण्णा, वहिनींनी मे महिन्यातच घेतलीय. माझ्या बायकोबरोबर जाऊन."

"काय?"

"होय की. तेव्हाच म्हणाल्या होत्या, ह्यांना सांगू नका, कट्ट्यावर भाषण ठोकतील."